लेखकाची परवानगी

सांगली, ९ ऑगस्ट २०२४

चि. सुमंत,

हे तिसरं पत्र. आधीची दोन मिळाली नाहीत असं तू म्हणू शकत नाहीस, कारण दोन्ही मी रजिस्टरनं पाठवली होती आणि दोन्ही पोचपावत्यांवर 'सोनिया' अशी वळणदार सही आहे. फोन केला तर तोही सोनियाच उचलते. मुलगी गोड बोलते. "सर लिहायला बसलेत मॅडम, आपण कोण?" मी म्हटलं, बहीण. तर म्हणाली, "कुठल्या संदर्भात?" बासष्ट वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी फोन ठेवला.

संदर्भ सांगते. पलूसच्या आमच्या हौशी मंडळींना तुझं 'कोण म्हणून सांगू' हे नाटक करायचंय. नोव्हेंबरात सांगलीत विभागीय स्पर्धेची प्राथमिक फेरी आहे, अंतिम फेरी जानेवारीत साताऱ्याला. नियमाप्रमाणे लेखकाचं सहीचं परवानगीपत्र लागतं. पंधरा सप्टेंबर ही शेवटची तारीख. चार ओळी लिहायच्यात. तू तीन अंकी नाटक दीड महिन्यात लिहिलंस असं मुलाखतीत वाचलं, तेव्हा चार ओळींना फार वेळ लागू नये.

मंडळी कोण, ते तुला ठाऊक नसणार. मी तीस वर्षं सांगलीहून पलूसला जाऊन शाळेत मराठी शिकवलं, त्यातलीच ही पोरं. पोरं म्हणजे, नानासो आता अठ्ठेचाळीसचा आहे, चार एकर ऊस आणि थोडी द्राक्षं करतो आणि तुझा कवी करणार आहे. उदयसिंह दूध संघात आहे, तो सगळ्या गावकऱ्यांची कामं करतो. तुझ्या नाटकातल्या बहिणीचं, अक्काचं, काम राजनंदिनी करते. तिचा नवरा शिवतेज फौजेत आहे, सध्या जम्मूकडे. निवृत्त झाल्यापासून मी गुरुवारी आणि रविवारी एसटीनं जाऊन त्यांचं नाटक बसवते. दुसरं करायला काय आहे मला.

तुझं नाटक मी त्यांना असं सांगितलं. एक कवी तीस वर्षांनी आपल्या गावी सत्काराला येतो. त्याची कविता गावात कुणी वाचलेली नाही. बहीण त्याला घरोघरी फिरवते, खायला घालते, याला ओळखलं का, त्याला ओळखलं का, असं करत राहते. शेवटी कवी नऊ पानं बोलतो, की मी इथं परका आहे, आणि निघून जातो. बहीण हातात वड्यांची ताटली घेऊन उभी. पडदा. पुण्यामुंबईत लोक उभं राहून टाळ्या वाजवतात आणि तुला एवढा मोठा पुरस्कार मिळतो. परीक्षणात 'परात्मतेचं महाकाव्य' असं छापून आलं होतं. परात्मता मला कोशात बघावी लागली. आमच्याकडे त्याला 'घरी फोन करत नाही' म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात प्रयोग बघितल्यावर मी 'चांगला झाला' म्हटलं होतं. त्यावरून तुझ्या मनात काही असलं, तर ते या कामापासून वेगळं ठेव.

अक्का


सांगली, २८ ऑगस्ट २०२४

सुमंत,

सोनियाचं उत्तर आलं. तुझं नाही, सोनियाचं. ईमेलवर आलं, शेजारच्या मुलीकडून छापून घेतलं. 'सध्या हौशी संस्थांना प्रयोगाचे हक्क देण्यात येत नाहीत. तसेच संहितेच्या भाषेत कोणताही बदल लेखकास मान्य नाही.' खाली 'आपल्या उपक्रमास शुभेच्छा.' मला तो कागद फाडायचा होता. पण मागची बाजू कोरी होती, म्हणून त्यावर पात्रांच्या हालचालींच्या खुणा काढल्या.

भाषेत बदल करू नये, हे तुझं म्हणणं मी समजू शकते. तूही जरा समजून घे. गेल्या रविवारी पहिलं वाचन झालं. नानासोनं तुझं वाक्य वाचलं, 'माझ्या अस्तित्वाची मुळं या मातीत मला सापडत नाहीत.' वाचून थांबला. मला म्हणाला, "आवं बाई, ह्येला नक्की झालंय काय? घरात भांडान झालंय व्हय?"

मी म्हटलं, भांडण नाही. त्याला परकं वाटतंय.

"मग तसं म्हनू दे की. मुळं कशाला हुडकतोय? ऊस हाय का त्यो?"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मग नानासो गंभीर झाला. म्हणाला, "बाई, मला कळतंय बरं का. आमचा थोरला भाऊ मुंबैस्नं येतो, चपला काढायच्या आधी विचारतो, बाथरूम कुठाय. त्यानंच बांधलंय ते बाथरूम. त्येला ठावं न्हाई असं न्हाई. पर पाव्हण्यागत विचारतो. तसंच ना ह्ये?"

तसंच, सुमंत. तुझ्या नऊ पानांत जे आहे तेच.

आणि राजनंदिनीनं पुस्तक मिटून विचारलं, "बाई, ही अक्का शेवटाला काय बोलतच न्हाई. का?"

"लेखकानं लिहिलेलं नाही."

"पर तिला काय म्हनायचं आसंल?"

लेखकाला विचारून सांगते, असं म्हटलं. तेव्हा विचारते आहे. तिला काय म्हणायचं असेल? आणि ती परवानगी पाठव. सोनियाला नको, मला.

अक्का


सांगली, ६ ऑक्टोबर २०२४

सुमंत,

परवानगीचं काम झालं. कसं झालं ते विचारू नकोस. तशी तू विचारणारही नाहीस. अर्ज गेला, मंजूर झाला, आता मागे फिरता येत नाही.

तालमी पलूसला नानासोच्या द्राक्षाच्या शेडमध्ये चालतात. राजनंदिनीच्या घरून अडचण होती. सासूबाई, रंगूबाई, म्हणाल्या, "शिवतेजला विचारा." शिवतेजला जम्मूला फोन लावला. तो म्हणाला, "आईला विचारा." असं पंधरा दिवस चाललं. शेवटी मीच रंगूबाईंना म्हटलं, तुम्ही तालमीला येऊन बसा, पटलं नाही तर सुनेला घेऊन जा. त्या आल्या. शेडच्या दारात क्रेट उलटा घालून बसल्या. पहिल्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नानासोला म्हणाल्या, "तू लय मोट्यानं बोलतोस. परक्या माणसाचा आवाज बारीक असतो." आता त्या रोज असतात. सुनेला न्यायला आल्या होत्या हे विसरून गेल्या.

भाषेचं म्हणशील तर तीन-चार शब्द बदललेत. 'अस्तित्व' काढलं. नानासोच्या तोंडात ते पेरूच्या बीसारखं अडकत होतं.

तुझ्या नाटकातल्या अक्काबद्दल मला एक कळत नाही. तू तिचं नावही बदललं नाहीस. गावाचं बदललंस, नदीचं बदललंस, कवीला तुझ्याहून चार इंच उंच केलंस. अक्का मात्र अक्काच. 'अगं, हा किती मोठा झालाय माहितीये का' हे वाक्य तिला तू सतरा वेळा दिलं आहेस. मी असं म्हणत असेन. सतरा वेळा म्हणत असेन असं वाटत नाही. बाबा गेले तेव्हा तू दहावीत होतास. त्यानंतर तुझ्याबद्दल लोकांना सांगायला घरात दुसरं कोण होतं?

असो. प्रयोगाच्या तारखा सोबत पाठवल्या आहेत. आलास तर ये.

अक्का


सांगली, २५ नोव्हेंबर २०२४

सुमंत,

पहिले आलो. एकोणीस संघांत. नानासोला अभिनयाचं दुसरं, राजनंदिनीला पहिलं. निकाल ऐकल्यावर उदयसिंह प्रेक्षागृहाबाहेर जाऊन मोटारसायकलवर पालथा पडून रडला. रंगूबाईंनी सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि 'चला, म्हशीची येळ झाली' म्हणाल्या.

साताऱ्याला अंतिम फेरी. आम्ही जाणार.

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण आहे. तू ते आधीच वाचलं असशील, कारण तुझं नाव त्यात सहा वेळा आहे आणि आमचं सगळ्यांचं मिळून एकदा. परीक्षकांनी लिहिलंय की या प्रयोगात लेखकाच्या काव्यशक्तीचा कळस दिसतो तो शेवटच्या प्रवेशातल्या बहिणीच्या स्वगतात. पुण्याच्या प्रयोगात हे स्वगत नव्हतं, लेखकानं ते नव्यानं घातलेलं दिसतं, आणि त्यानं नाटकाचा अर्थच पालटला.

तू नव्यानं काही घातलेलं नाहीस, हे तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. तिसरं कुणाला माहीत नाही. मागच्या पत्रात तीन-चार शब्द म्हटलं होतं. शब्द दोनशेच्या आसपास असतील. आणि हे एक स्वगत.

राजनंदिनी रोज विचारायची, अक्काला काय म्हणायचं आसंल. लेखक तर सांगेना. मग एका गुरुवारी एसटीत बसल्या बसल्या लिहिलं. तासगावच्या अलीकडे सुरू केलं, पलूस यायच्या आत संपलं. तालमीत तिला म्हटलं, लेखकाकडून आलंय. सुमंत, तू ते वाचलेलं नाहीस, म्हणून खाली देते.

'तू म्हंतोस, हितं मला कुणी वळखत न्हाई.
वळख म्हंजे काय नळाचं पानी हाय, तू तोटी सोडलीस की यायला?
तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिशी तुजं ताट मी घासून पालतं घातलं.
वरीसभर त्यात कुणी जेवलं न्हाई.
मग घरात कार्य निगालं, ताटं कमी पडली, आन् कुणीतरी ते वडून घेतलं.
त्या दिशी तू खरा गेलास.
मी कुणाला बोलले न्हाई.
तुज्या पुस्तकात घर ह्यो शब्द चाळीस येळा हाय. मोजलाय मी.
घरात ऱ्हाणाऱ्याला त्यो एकदाबी म्हनावा लागत न्हाई.'

राजनंदिनीनं हे म्हटलं आणि प्रेक्षागृहात कुणी टाळी वाजवली नाही. पडदा पडून गेला तरी नाही. मला वाटलं, बुडालो. मग वाजली.

तुझी काव्यशक्ती कळसाला पोचल्याबद्दल अभिनंदन.

अक्का


सांगली, ७ डिसेंबर २०२४

सुमंत,

हे पत्र लिहिताना मला लाज वाटतेय, आणि तितकाच रागही येतोय. दोन्हींतलं कुठलं पुढं येईल सांगता येत नाही.

दुसऱ्या एका संघानं आयोजकांकडे तक्रार केलीय. 'कोण म्हणून सांगू'चे हक्क हौशी संस्थांना मिळतच नाहीत, त्यांना स्वतःला सोनियानं नकार कळवला होता, मग पलूसकरांना परवानगी कशी मिळाली? आयोजक तुला पत्र लिहून विचारणार आहेत. आतापर्यंत लिहिलंही असेल.

सही मी केली. तेरा सप्टेंबरला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तुझी सही मला शाळेपासून येते. नगर वाचनालयाची पुस्तकं तू वेळेवर परत करायचा नाहीस, तुझ्या नावानं सही करून मीच परत नेऊन द्यायची. तेव्हा तुला त्याचं काही वाटत नव्हतं. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. समर्थन म्हणूनच सांगते आहे. पण ते पुरेसं नाही हे मला कळतं. तीस वर्षं मुलांच्या प्रगतिपुस्तकांवरच्या बापाच्या खोट्या सह्या मी पकडल्या.

तू दोन शब्द लिही, 'परवानगी होती.' एवढंच. मंडळाचा यात काही दोष नाही. त्यांना वाटतं तू खरंच पत्र पाठवलंस. नानासोनं त्याची झेरॉक्स काढून घरात लावलीय. तुझी सही म्हणून. राजनंदिनी साताऱ्याला जाणार म्हणून शिवतेजनं जानेवारीत रजा मागून घेतलीय. लग्नाला सहा वर्षं झाली, तिनं केलेलं एकही काम त्यानं बघितलेलं नाही.

आता पुण्याचंही सांगून टाकते, म्हणजे मग लपवायला काही राहणार नाही. मी मध्यंतरात उठून गेले होते. तू मला तिसऱ्या रांगेत बसवलं होतंस. अक्का पहिल्यांदा रंगमंचावर आली, पदर खोचलेला, हातात ताटली, 'अगं, हा किती मोठा झालाय माहितीये का', आणि सगळे हसले. दुसऱ्यांदा म्हणाली, पुन्हा हसले. माझ्या शेजारच्या बाई मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "अशी एक नातेवाईक प्रत्येकाकडे असते, नाही?" मी हो म्हटलं. पाचव्या वेळेला लोक ती आली की बोलायच्या आधीच हसायला लागले. मध्यंतर झाल्यावर मी स्वारगेटला रिक्षा केली. दुसऱ्या दिवशी तू फोन केलास तेव्हा 'चांगला झाला' म्हटलं. तू विचारलंस, "शेवट कसा वाटला?" मी म्हटलं, "छान." तू फोन ठेवलास. तेव्हापासून तुझा फोन नाही.

शेवट मी पुस्तकात वाचला. अक्का गप्प उभी आहे, हे मला तिथं कळलं.

दोन शब्द, सुमंत.

अक्का


सांगली, २४ डिसेंबर २०२४

सुमंत,

आयोजकांना लिहिलेल्या तुझ्या पत्राची प्रत त्यांनी मला दाखवली. चार ओळी. शेवटी चार ओळी लिहिल्यासच. 'परवानगी मी दिलेली नाही. सही माझी नाही. भाषेतले बदल माझे नाहीत. बहिणीचे स्वगत माझे नाही, ते माझे असते तर मला आनंद झाला असता.'

संघ बाद. आम्हाला पाच वर्षं बंदी. साताऱ्याला दुसऱ्या क्रमांकाचा संघ जाईल, तोच, ज्यानं तक्रार केली.

तू खरं लिहिलंस, म्हणून तुला बोलायला मला तोंड उरलं नाही. याचा मला किती संताप आला ते तुला कळणार नाही. खोटं लिहिलं असतंस तर मी तुझे उपकार मानले असते आणि मनातून तुला कमी लेखलं असतं. ती सोयही तू ठेवली नाहीस.

परवा पलूसला गेले. शेडमध्ये सगळे बसले होते, रंगूबाईंसकट. मी उभी राहून सांगितलं. सही मी केली, स्वगत मी लिहिलं, लेखकाकडून काही आलेलं नव्हतं, तुमचं बक्षीस माझ्यामुळं गेलं.

नानासो उठून बाहेर गेला. पंधरा मिनिटांनी आला, तेव्हा हातात ती झेरॉक्स होती. घरी जाऊन काढून आणली. माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "बाई, मी ह्येला हळदकुंकू लावलं वतं." सुमंत, मी नोकरीत असताना दोन चौकशा झेलल्या, एकदा मुख्याध्यापकांनी भर सभेत माझा अपमान केला. यापेक्षा ते सोपं होतं.

राजनंदिनी खाली बघत होती. मला वाटलं, शिवतेजची रजा, साताऱ्याचा प्रयोग, त्याचं वाईट वाटतंय. मी म्हटलं, "तुझं मोठं नुकसान केलं गं मी."

ती म्हणाली, "त्ये बोलनं तुमचं वतं?"

"हो."

"मग सांगितलं का न्हाई?"

"लेखकाचं म्हटल्यावर तू मनापासून करशील, असं वाटलं."

तिनं मान वर केली. म्हणाली, "बाई, तुमच्या भावाला मी कवा बघितलंय? न्हाई. त्यांचं पुस्तक वाचलंय का? तुमी शिकीवलं तेवडंच. तुमी मला आठवीपास्नं शिकीवताय. लेखकाचं हाय म्हनून मी मनापास्नं केलं आसं तुमाला कसं वाटलं? तुमालाच तुमचं कमी वाटतंय. आमाला न्हाई."

सगळ्यांसमोर बोलली. तिच्या जागी मी असते तर इतकं नेमकं बोलले नसते.

घरी येईपर्यंत एसटीत मी तुझ्यावर चिडायचा प्रयत्न केला. जमेना. तुझा सत्कार झाला की मी बातमी कापून ठेवायची, तुझा फोटो आला की गल्लीत दाखवायची. मोठा कोण, यशस्वी कोण, हे तुझ्यावरून ठरवायची सवय मला तू लावली नाहीस. मीच लावून घेतली. आणि माझ्या हातून आयुष्यात एक बरी गोष्ट लिहिली गेली, तर मी काय केलं? तुझी सही केली.

तुझी माफी मागते. सहीबद्दल. स्वगताबद्दल नाही.

अक्का


सांगली, १९ जानेवारी २०२५

सुमंत,

तुझं पत्र आलं. तुझ्या अक्षरात, सोनियाच्या नाही. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चिडले, पण वेगवेगळ्या जागी.

तू लिहितोस, मध्यंतरानंतर तिसऱ्या रांगेतली रिकामी खुर्ची तुला विंगेतून दिसत होती. दुसऱ्या दिवशी मी 'छान' म्हटलं तेव्हाच तुला कळलं की मी खोटं बोलतेय, आणि तू वाट बघत राहिलास की मी खरं कधी सांगते. दोन वर्षं वाट बघत राहिलास. मीही वाट बघत होते, तू कधी विचारतोस याची. आईनं दोघांनाही एकाच दुधावर वाढवलं, आणखी काय म्हणू.

दुसरं म्हणजे, अक्काचं उत्तर तू सात वेळा लिहून फाडलंस. 'तू काय म्हणशील हे मला माहीतच नव्हतं,' असं तू लिहिलं आहेस. हे वाचून मात्र मी खुर्चीतून उठले. अरे, मग विचारायचं होतंस. पुणे ते सांगली साडेपाच तासांची गाडी आहे. फोन आहे. नाटक परकेपणाचं लिहायचं आणि एक साधा प्रश्न बहिणीला विचारायचा नाही? सात कागद फाडणं तुला सोपं वाटलं?

पुढच्या आवृत्तीत ते स्वगत माझ्या नावानं छापायचं म्हणतोस. नको. मोठेपणा करत नाही मी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं नाव पुस्तकात कसं दिसेल ते मी मनात बघून घेतलं, हेही सांगते. पण ते तुझ्या नाटकात बसत नाही. तुझा कवी निघून जातो तो कुणी उत्तर देत नाही म्हणूनच. अक्का बोलली तर त्याला थांबावं लागेल, आणि मग तुझी नऊ पानं उभी राहत नाहीत. तुझं नाटक तुझं असू दे. पुण्यात लोक हसले, ते का हसले, एवढं मात्र एकदा बघ.

आमचं सांगते. शिवतेजची रजा मंजूर झाली होती, ती परत कशी करणार? म्हणून मी राजनंदिनीसाठी तासाभराचं वेगळं लिहिलं. एकटी बहीण. भाऊ त्यात नाही, त्याच्याविषयी बोलणं आहे. तुझं एकही वाक्य नाही, तपासून घे हवं तर. काल संध्याकाळी शाळेच्या पटांगणात प्रयोग झाला. नानासो माझ्याशी महिनाभर बोलत नव्हता. तरी मांडव त्यानंच घातला, आणि लाऊडस्पीकरवर 'लेखिका, आमच्या बाई' एवढंच म्हणाला. पहिल्या रांगेत शिवतेज बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, पाठ ताठ. प्रयोग संपल्यावर तो राजनंदिनीजवळ गेला आणि म्हणाला, "तू एवढं बोलतेस, मला म्हायतच न्हवतं." ती म्हणाली, "तुमी फोनवर रेंज न्हाई म्हंता." मग दोघं हसत घरी गेले.

मला वाटत होतं, आता मला कुणीतरी चांगलं म्हणेल. माणसाला वाटतं, सुमंत, बासष्टाव्या वर्षीसुद्धा. रंगूबाई आल्या. हात धरला. म्हणाल्या, "बाई, ब्येस झालं. पर एक सांगू का? राग मानू नगा."

"सांगा."

"तुमची ती बहीण तासभर बोलती. भाऊ कसा वागला, काय म्हनाला, समदं तीच सांगती. त्यो बापडा येकदाबी बोलत न्हाई. आधीच्या नाटकात तिला बोलू दिलं न्हाई म्हनून तुमी रडला. मग ह्याच्यात त्याला का बोलू दिलं न्हाई?"

मी म्हटलं, तो नाटकातच नाही, बोलणार कसा.

"नाटकात न्हाई, पर हाय न्हवं कुटंतरी?" असं म्हणून त्या म्हशीकडे गेल्या.

माझा पहिला प्रयोग, आणि मला हा समीक्षक मिळाला. रात्रभर चरफडले. सकाळी उठून तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचलं, या वेळी तुझ्या चुका न शोधता. बाबा गेले त्या वर्षाबद्दल तू एक ओळ लिहिली आहेस, की तेव्हा घरात सगळे फक्त माझ्याशी बोलायचे आणि मी तुला त्याचा सारांश सांगायची. पहिल्या दोन वाचनांत मी ती ओळ ओलांडून पुढं गेले होते. मला ते वर्ष असं आठवत नाही. पण मला आठवत नाही म्हणून ते तसं नव्हतं, असं आता म्हणवत नाही.

या गुरुवारी मी पलूसला जाणार नाही, तालीम बंद आहे. दिवसभर घरी आहे. आलास तर जेवायला ये, फोन केलास तरी चालेल. तूच कर, सोनियाला लावायला सांगू नकोस. त्या वर्षाचं मला सांग, पहिल्यापासून. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
शकुंतला